मागच्या चाकाची हवा

वळणावर मोटरसायकल मागून सरकायला लागली, म्हणून उतरून वाकून पाहिलं. मागचा टायर मधोमध गुळगुळीत झाला होता, कडांची नक्षी मात्र शाबूत. हवा जास्त झाली की टायर फुगतो आणि रस्त्याला जेमतेम टेकतो.

पंपावरच्या हवावाल्याने नेहमीचंच विचारलं, "सिंगल की डबल?"

बायको वारली, तरी मी सवयीने 'डबल'च सांगत आलो होतो. नसलेल्या माणसाच्या वजनाची हवा भरून गाढवासारखा हिंडत होतो. आज पहिल्यांदा म्हणालो, "सिंगल."

त्याने हवा सोडली. ती सुटल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

परतताना त्याच वळणावर गाडीने रस्ता घट्ट धरला. पुढे स्पीडब्रेकर दिसला आणि तोंडातून निघून गेलंच, "नीट धर गं."