देव चोरणाऱ्याची वकील

तनुजा पठाडेला तिच्या स्वतःच्या गावात लोक आता 'देव चोरणाऱ्याची वकील' म्हणतात. तोंडावर कुणी म्हणत नाही, कारण ती आप्पासाहेबांची लेक आणि आप्पासाहेब खंडोबाच्या देवस्थानाचे पंच. पण पाठ फिरली की म्हणतात, आणि ते तिच्या कानावर जाईल इतपत मोठ्यानं म्हणतात. चाळिशी ओलांडली, अर्धं आयुष्य कोर्टात गेलं, तरी ते ऐकलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जाते. जायलाच हवी.

गाव करमाडच्या पलीकडं, जालना रोड सोडून आत. तरणी माणसं शेंद्र्याच्या कंपन्यांत, म्हातारी वावरात. तनुजा शहरात शिकली, वकील झाली, चिकलठाण्याला दोन खोल्यांत राहू लागली. आप्पांना वाटलं होतं, लेक जमिनीच्या वाटण्यांची कामं करील, चार भाऊबंदांच्या उपयोगी पडेल. ती शिरली फौजदारीत. जामीन, रिमांड, हर्सूलच्या जेलबाहेर ताटकळलेल्या बायका. "लोकांच्या लेकी डॉक्टर होत्यात, आमची चोरांच्या मागं पळती," असं आप्पा पाहुण्यांना हसत सांगायचे. त्या हसण्यात बोच असायची आणि ती तनुजाला कळायची.

"आप्पा, चोर हाय का नाय ते कोर्ट ठरवतं," ती म्हणायची. "तवर तो माझा पक्षकार."

"ठरव बाई," म्हणून आप्पा तंबाखू मळायला घ्यायचे.

बन्सीचं प्रकरण आलं नसतं तर बापलेकीचं हे असंच खेळीमेळीत चाललं असतं.

बन्सी सोयगावकडचा मेंढपाळ. दिवाळी झाली की बायको सुगंधाबाई आणि मेंढरं घेऊन तो या बाजूला उतरायचा. मका निघालेल्या वावरात रात्री मेंढरं बसवायची, शेताला खत आणि मेंढरांना आसरा, असा हा जुना रिवाज. आप्पांच्या वावरात बन्सीच्याच मेंढरांचा वाडा, म्हणजे तळ, बसायचा, तनुजाला कळतं तेव्हापासून. ती त्याला मामा म्हणायची.

त्या वर्षी चंपाषष्ठीच्या तोंडावर खंडोबाचा चांदीचा मुखवटा गाभाऱ्यातून नाहीसा झाला. गाभाऱ्याला कुलूप नव्हतं, नुसती कडी. इतक्या वर्षांत पंचांना कुलूप लावायचं सुचलं नाही, यावर मात्र कुणी चकार शब्द काढला नाही. गावात परका कोण, एवढंच सगळ्यांनी पाहिलं. देवळाच्या मागच्या वावरात बन्सीची मेंढरं बसलेली होती. झालं, पोलिसांनी बन्सीला उचललं.

सुगंधाबाई शोधत शोधत चिकलठाण्याला आली. "ताई, मालकाला नेलं. कुणी काय सांगंना," एवढं बोलून ती दारातच बसली.

तनुजा ठाण्यात गेली. जमादारानं खुर्ची दिली आणि मायेनं सांगितलं, "मॅडम, त्याला म्हणा, बोलून टाक एकदाचं. लगेच सोडून देऊ." हे वाक्य तनुजानं इतक्यांदा ऐकलं होतं की तिला त्याचा सूरसुद्धा पाठ होता. बोलून टाकलेला माणूस लगेच सुटलेला तिनं अजून पाहिला नव्हता. झडती झाली होती, वाड्यात काही सापडलं नव्हतं. जामीन झाला. कोर्टाच्या आवारातल्या लिंबाखाली उभं करून तिनं बन्सीला समजावलं.

"मामा, आता नीट ऐका. पोलिसांसमोर तुम्ही काही कबूल केलं तरी ते कोर्टात चालत नाही. पण गावासमोर काही बोललात तर ते तुमच्यावर उलटू शकतं. म्हणून गावात तर जास्तच गप्प राहायचं. कुणी काही विचारलं तर म्हणा, माझ्या वकिलाला विचारा."

"मी काय केलंच नाय तर गप कशापायी?" बन्सीनं विचारलं.

"काही केलं नाही म्हणूनच."

बन्सीला ते पटलं नाही. तनुजाला तेव्हाच कळायला हवं होतं, पण दुसऱ्या रिमांडची हाक झाली आणि ती पळाली.

इकडं गावानं भंडारा काढला. गावात चोरी झाली की खंडोबापुढं जमायचं, तळहातावर हळदीचा भंडारा घ्यायचा आणि देवाची आण घेऊन सांगायचं, हे काम माझं नाही. भंडारा हातात घेऊन खोटं बोलणाऱ्याच्या घरात दिवा लागत नाही म्हणतात. एकेक घर आलं, एकेक माणसानं भंडारा उचलला. बन्सीला निरोप गेला. बन्सी म्हणाला, "माझ्या वकिलाला इचारा."

मग काय विचारता! कर नाही त्याला डर कशाला, हे वाक्य देवळाच्या पारावरून सुटलं ते थेट शहरात पोचलं. गावातला शिवराज मोबाइलवर बातम्यांचं चॅनल चालवतो. त्यानं बन्सीच्या मेंढरांपुढं उभं राहून विचारलं, "देवापुढं यायला बन्सी का घाबरतो? त्याला गप्प कोण बसवतंय?" आणि मागं तनुजाचा फोटो लावला. कुणाच्याशा लग्नातला, नथ घातलेला. तो याला कुठून मिळाला देव जाणे.

शहरातल्या एका सभागृहात मग या विषयावर जाहीर चर्चा ठेवली गेली. विषयाचं नाव काय, तर 'आरोपीचे लाड किती दिवस?'. नावातच निकाल लावून ठेवलेला, आणि वर तनुजाला पत्र की आपण दुसरी बाजू मांडावी. ती गेली. एक निवृत्त अधिकारी छान बोलले. ज्याच्या मनात पाप नाही त्यानं बोलायला हवं, असं त्यांचं म्हणणं. टाळ्या पडल्या. तनुजा उठून म्हणाली, "साहेब, बोलायची सक्ती केली की पोलिसांच्या पट्ट्याखाली कुणीही काहीही बोलतं. घटना लिहिणाऱ्यांना हे माहीत होतं. त्यांनी आरोपीचे लाड केलेले नाहीत, तुमचे-माझे हात बांधलेत." टाळ्या नाही पडल्या. मागून एक बाई ओरडल्या, "तुमच्या घरी चोरी झाली असती म्हणजे कळलं असतं!"

"माझ्याच घरची चोरी आहे, बाई," तनुजा म्हणाली. "तो देव माझ्या गावचा, माझ्या कुळाचा. माझा बाप त्या देवाचा पंच आहे. देव मलाही परत हवाय. पण तो ज्यानं नेला त्याच्याकडून हवाय, जो हाताशी सापडला त्याच्याकडून नको."

मग कुणीतरी म्हणालं, "बापाचं नाव घालवलं," आणि पुन्हा गलका सुरू झाला. शिकलेसवरलेले लोक, गाड्यांतून आलेले. पारावरच्या म्हाताऱ्यांना निदान देवाची भीती होती. यांना कशाचीच नव्हती.

आणि घात शेवटी घरातूनच झाला. आप्पा बन्सीच्या वाड्यावर गेले. त्यांचा हेतू वाईट नव्हता, हे तनुजा आजही सांगते. त्यांना गावात तोंड दाखवायची चोरी झाली होती, आणि बन्सी निर्दोष आहे असं त्यांना मनापासून वाटत होतं. ते म्हणाले, "बन्सी, वकिलांचं वकिलांपाशी. तू एकदा भंडारा उचल, गाव गप होतं का नाय बघ. मी हाय ना." सुगंधाबाईही म्हणाली, उचला, आपल्या माणसांतबी बोलणं व्हायलंय. लेकीला कुणी विचारलं नाही.

बन्सी देवळात गेला. भंडारा उचलला. हे काम माझं नाही एवढं म्हणून खाली उतरला असता तर सगळं तिथंच मिटलं असतं. गावातल्या प्रत्येकानं तेवढंच म्हटलं होतं. पण बन्सीच्या लेखी हातात भंडारा घेऊन अर्धं बोलणं म्हणजे खोटं बोलणंच. कुणी न विचारलेलंही तो सांगून बसला.

"म्या देव नाय नेला. खंडेरायाची आण. पर त्या पहाटं लई गारठा व्हता. एक कोकरू पार आखडलं व्हतं. म्या गाभाऱ्याची कडी काढली अन् त्याला समईपाशी निजवलं. ते हुशार झालं तसा घेऊन निघालो. कडी लावायची याद राहिली नाय. देव माझ्यापायी उघडा पडला. एवढी चूक माझी हाय. गावानं पदरात घ्यावी."

देवळात काही म्हाताऱ्यांनी डोळे पुसले म्हणतात. शिवराजनं पुसले नाहीत, तो चित्रण करत होता. संध्याकाळी त्याच्या चॅनलवर जे दिसलं त्यात कोकरू नव्हतं, गारठा नव्हता, देवाची आण नव्हती. "म्या गाभाऱ्याची कडी काढली. एवढी चूक माझी हाय." बस्स. वर मथळा, 'अखेर बन्सी बोलला'.

बन्सीचा जामीन रद्द झाला. त्याला हर्सूलला नेलं. गावानं सुगंधाबाईला वाडा उठवायला सांगितलं आणि ती बाई एकटी, उन्हातान्हाची मेंढरं हाकत सोयगावकडं गेली. आप्पांनी तिला थांब म्हटलं नाही. तनुजा त्या दिवशी फोनवर बापाला जे बोलली ते इथं लिहिण्यासारखं नाही. आप्पा ऐकत राहिले. मध्येच एकदा एवढंच म्हणाले, "मला काय म्हाईत असं व्हईल." तिनं फोन आपटला. म्हाईत असायला हवं होतं! गळा बसेपर्यंत ती हेच तर सांगत होती.

खटला उभा राहिला तेव्हा सरकारी बाजूच्या साक्षीदारांत आप्पासाहेबांचं नाव होतं. कडी काढल्याचं आरोपीनं आपल्यासमक्ष कबूल केलं, असा त्यांचा जबाब. बापाची उलटतपासणी लेकीनं घेऊ नये असा कायदा नाही. वकिलांच्या खोलीत सगळ्यांनी सांगितलं, दुसऱ्या कुणाला उभं कर. तिनं ऐकलं नाही.

आप्पा धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहिले. समोरच्या बाकावर बन्सी, वाळून खारीक झालेला. मागं गावाची मंडळी आणि शिवराज. तनुजानं बापाला इतरांसारखंच विचारलं.

"भंडारा हातात घेऊन आरोपी आणखी काय म्हणाला?"

"देव म्या नेला नाय म्हणला."

"हे पोलिसांना सांगितलं होतं?"

"सांगितलं व्हतं. त्यांनी लिहून घेतलं नाय."

"कोकराचं सांगितलं होतं?"

"त्येबी सांगितलं. ते म्हणले, त्याची गरज नाय."

"आरोपीला देवळात कुणी नेलं?"

"म्या."

"गावातल्या सगळ्यांनी भंडारा उचलला होता?"

"व्हय. सगळ्यांनी."

"पंचांनी?"

आप्पांनी टोपी सारखी केली. न्यायाधीशांनी मान वर केली.

"उत्तर द्या," न्यायाधीश म्हणाले.

"पंच भंडारा देत्यात," आप्पा सावकाश म्हणाले. "उचलत नसत्यात. तशी रीत हाय."

"म्हणजे या चोरीबद्दल तुम्ही देवापुढं आजपर्यंत तोंड उघडलेलं नाही. का नाही उघडलं?"

आता मात्र आप्पा गप्प झाले ते झालेच. त्यांची मान खाली गेली. तनुजा न्यायाधीशांकडं वळली.

"साहेब, साक्षीदार गप्प आहेत. हे माझे वडील आहेत. त्यांनी देव नेलेला नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. पण गप्प बसणारा तो चोर, असा जर हिशोब असेल, तर आरोपीच्या बाकावर आणखी एकाला जागा करा."

"वकीलबाई, प्रश्न विचारा. भाषण नको," न्यायाधीश म्हणाले. पण आवाजात राग नव्हता.

बन्सी सुटला. पुराव्याअभावी, निर्दोष. मुखवटा काही सापडला नाही. शिवराजनं ही बातमी दिलीच नाही, आणि गाव म्हणालं, वकिलानं सोडवला. निर्दोष माणूस गावाच्या भाषेत कधी निर्दोष नसतो, त्याला नेहमी कुणीतरी सोडवलेलं असतं. सभागृहातली ती मंडळी तर पुढच्या विषयाला लागली होती.

बापलेक वर्षभर एकमेकांशी कामापुरतंच बोलले. मग दिवाळीनंतर एका दुपारी आप्पांचा फोन आला. मका काढून झाला होता. "तनू, वावर मोकळं ठिवलंय. पंचांच्या बैठकीत सांगून आलो, माझ्या वावरात बन्सीचाच वाडा बसंल. ज्याला बोलायचं त्यानं माझ्याशी बोलावं. तू निरोप धाड."

तनुजानं सुगंधाबाईला फोन लावून निरोप दिला. मेंढरं त्या साली सोयगावहून उतरली, पण करमाडकडं वळली नाहीत. वाकडी वाट करून ती दुसऱ्याच तालुक्यात गेली. आप्पा रोज संध्याकाळी बांधावर जाऊन उभे राहायचे. महिना उलटल्यावर त्यांनी पुन्हा फोन केला.

"का नाय आला गं? रागावलाय का? काय बोलला का तुझ्यापाशी?"

"नाही बोलला, आप्पा," तनुजा म्हणाली. "आणि मी विचारणार नाही. त्याच्यावर बोलायची सक्ती नाही."