खंडेनवमी आणि ब्रेक

वडिलांनी गिरणीतल्या एका गोऱ्या साहेबाकडून जुनी मोटार घेतली, तेव्हा ती चालत होती, एवढंच तिच्याबद्दल बरं बोलता येईल. कमानी इतक्या सैल की खड्ड्यातून बाहेर आल्यावरही गाडी बराच वेळ डुलत राही. स्टिअरिंगचं चाक फिरवलं की ती आधी विचार करायची आणि मग वळायची. ब्रेक दाबणं म्हणजे तिला नुसती विनंती करणं. वडील वकील, त्यांना अशीच दमादमानं जाणारी गाडी हवी होती. मी नुकतीच पुण्याहून कॉलेज आटपून आले होते, आणि मला मोटार वेगानं चालवायची होती. तीही स्वतः.

सोलापुरात तेव्हा बाई मोटार चालवताना दिसली की लोक दुकानातून उठून बाहेर येत. वडिलांना त्याचं काही नव्हतं, त्यांना काळजी जिवाची. शेवटी त्यांनी अट घातली. "दसऱ्याला आम्हाला तुळजापूरला ने. घाट चढ, घाट उतर. सगळ्यांना धडधाकट घरी आणलंस तर गाडी तुझ्या हाती. नाहीतर मी ड्रायव्हर ठेवणार, आणि तू कायमची मागच्या सीटवर."

मी पदर खोचला. शुक्रवार पेठेतल्या लोहाराकडून कमानींत जादा पाटे घालून घेतले. "ताई, गाडी लई कडक हुईल की वो," तो म्हणाला, "दात सांभाळून बसा." मला कडकच हवी होती. स्टिअरिंगचे झिजलेले सांधे काढून तिथे लेथवर कातलेल्या नव्या पितळी चकत्या बसवल्या, तशी गाडीची विचार करण्याची खोड गेली. राहिले ब्रेक. मागच्या चाकांच्या डब्यांना बाहेरून पट्टे आवळायचे, तेच आमचे ब्रेक, आणि त्यांचं अस्तर पार उडालेलं. पण गिरण्यांच्या गावात पट्ट्याला काय तोटा? यंत्रं फिरवणारा जाड चामडी पट्टा जुन्या बाजारात मिळाला. तो कापून मी स्वतः रिव्हेट मारून बसवला. अक्कलकोटच्या रस्त्यावर गाडी पिटाळली, जोरात ब्रेक दाबला, आणि ती जागच्या जागी उभी राहिली. भर दुपारी त्या मोकळ्या रस्त्यावर मी एकटीच मोठ्यानं हसले.

मग आली खंडेनवमी. आमची आत्या खेड्यातली, सणासुदीला घर तिच्या ताब्यात. विळी, कुऱ्हाड, वडिलांची कायद्याची पुस्तकं, सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं गेलं. मोटारीला झेंडूची माळ घालून आत्यानं तिच्यावरून लिंबूसुद्धा उतरवलं.

दसऱ्याला पहाटे निघालो. तुळजापूर मोगलाईत, म्हणजे निजामाच्या हद्दीत, त्यामुळे आमचं सीमोल्लंघन खरंखुरंच व्हायचं. हद्दीच्या नाक्यावर थांबताना गाडी जरा पुढे घसरली. नवा पट्टा आहे, बसेल हळूहळू, असं मी मनाशी म्हटलं. घाट तर ती झोकात चढली. दर्शन झालं. वडील पुढे माझ्या शेजारी, आत्या मागे प्रसाद मांडीवर घेऊन, असे आम्ही उतरायला लागलो.

पहिल्याच वळणावर ब्रेक दाबला आणि गाडीनं ऐकलंच नाही. हातब्रेकही त्याच पट्ट्यांवरचा, तोही सुळकन निसटला. खालचा गिअर कसाबसा टाकला, इंजिन किंचाळलं. पुढच्या वळणावर यात्रेकरूंच्या बैलगाड्या, एका हाताला डोंगर, दुसऱ्या हाताला दरी. मी भोंगा दाबून चाक फिरवलं आणि गाडी त्याच क्षणी वळली. डुलली नाही, कलंडली नाही, गाड्या आणि डोंगर यांच्या मधून निघाली. वडिलांची पगडी उडून आत्याच्या मांडीवर पडली. आणखी वळणं आली, तीही अशीच काढली. भीती वाटत होती, पण खरं सांगते, मजाही येत होती.

पायथ्याला सपाटीवर गाडी आपोआप थांबली. खमंग धूर सुटला होता.

"हितं कुनीतरी तळण काढलंय की," आत्या म्हणाली.

मी उतरून पाहिलं. पट्टे तिळाच्या तेलानं निथळत होते.

"आत्या, हे तेल?"

"काल पूजेला मीच लावलं की. लई कोरडं पडलं हुतं ते चामडं. हिरीवरच्या मोटेला न्हाय व्हय लावत?"

मला तिचा भयंकर राग आला, आणि ती तर तेवढ्यात माझ्या हातावर प्रसाद ठेवत होती. वडिलांनी पगडी झटकून पुन्हा डोक्यावर ठेवली. रांगत रांगत घरी आलो. आता सगळं संपलं, असं मी धरून चालले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडीखाली पडून रॉकेलनं पट्टे पुसत होते, तेव्हा फाटक वाजलं. वडिलांनी ड्रायव्हरसाठी शब्द टाकून ठेवला होता, तो माणूस आला होता. मला त्याच्या वहाणा तेवढ्या दिसत होत्या, आणि समोर वडिलांचे बूट. माझा हात थांबला.

"उशीर केलात तुम्ही," वडील म्हणाले. "ती जागा काल घाटातच भरली."

मला गाडीखालीच रडू फुटलं, आणि डोळे पुसायला हातात रॉकेलच्या फडक्याशिवाय काही नव्हतं.