पार तीन

सुखदेव वानखेडे घराला कुलूप लावतात, जिना उतरतात, परत वर येतात, कुलूप ओढून बघतात आणि मगच कामाला जातात. विश्रांतवाडीच्या आमच्या इमारतीत माझं दार त्यांच्या दारासमोरच आहे, त्यामुळे एकोणीस वर्षं कुलपाची ही खडखड मी रोज ऐकलेली आहे. नाव सुखदेव, पण जिवाला घटकाभर सुख नाही. गॅस बंद केला का, खिडकी लावली का, मुलगी मैत्री अजून कशी आली नाही, एक ना दोन. एका कंपनीच्या बसवर ते ड्रायव्हर. सकाळी साडेसहापासून आयटीतल्या पोरांना गोळा करून हिंजवडीला सोडायचं आणि संध्याकाळी परत आणायचं. सव्वीस वर्षांत गाडीला ओरखडा नव्हता.

"सुखदेव, तुमच्या बसमध्ये बसलेला माणूस निवृत्त होईल, पण पोचणार नाही," असं मी त्यांना म्हणायचे.

"उशिरा पोचलेल्याला लोक शिव्या देतात, बाई. न पोचलेल्याला हार घालतात," असं त्यांचं ठरलेलं उत्तर.

मी शाळेत चौतीस वर्षं मराठी शिकवलं. त्यांची मैत्री माझ्याच वर्गात होती, तेव्हापासून अख्खी इमारत मला बाई म्हणते. श्यामला हे माझं नाव बहुधा फक्त वीजबिलावर उरलंय.

ऑगस्टमध्ये ते झालं. येरवड्याच्या एका थांब्यावर बस उभी होती. पोरं चढली, सुखदेवनी डावा आरसा बघितला, उजवा बघितला आणि गाडी हलवली. त्याच क्षणी एक म्हातारी बसच्या नाकासमोर वाकून पिशवीतून सांडलेली लिंबं वेचत होती. काचेतून ती दिसणं शक्यच नव्हतं. गाडी हातभर सरकली, लोक ओरडले, ब्रेक लागला. म्हातारीचा खुबा मोडला. ऑपरेशन झालं, ती वाचली आणि तिचा मुलगा तिला गावी घेऊन गेला. त्याने ना पत्ता दिला ना नंबर. कॅमेऱ्यात सगळं स्पष्ट दिसत होतं, चौकशीत सुखदेव निर्दोष ठरले. पण त्यांनी तिला शेवटचं पाहिलं ते स्ट्रेचरवर.

"ती उठली असेल का हो, बाई? चालत असेल?" दार उघडलं की हाच प्रश्न. मी काय सांगणार? मला तरी कुठे ठाऊक होतं?

तीन महिने ते रजेवर होते. मग कंपनीचा निरोप आला की डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी बसवर या, नाहीतर चाव्या द्या आणि गेटवर बसा, नोंदी करायला. जया, त्यांची बायको, माझ्याकडे येऊन रडली. "गेटवर बसले तर हे आतून संपतील, बाई. आणि बसवर बसवत नाहीये. काल नुसत्या उभ्या रिक्षात ड्रायव्हरच्या जागी बसून बघितलं, तर घामाने शर्ट भिजला."

याच सुमारास आमच्या बागेत तो खेळ आला. खांबावर साखळ्या लोंबकळतात, त्यांच्याखाली जाळीची टोपली. लांबून प्लास्टिकची चकती फेकायची, ती साखळ्यांवर आपटून टोपलीत पडली की झालं. अशा नऊ टोपल्या बागभर. मैत्रीच्या ऑफिसातला तेजस नावाचा मुलगा रविवारी येऊन तो सगळ्यांना फुकट शिकवायचा. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी टोपलीत निर्माल्याची पिशवी ठेवून गेलं, तेव्हा 'हा निर्माल्य कलश नव्हे' अशी पाटी लागली. व्याकरण शुद्ध होतं, म्हणून मी काही बोलले नाही.

घोळ दुसऱ्या पाटीने केला. फाटकाजवळ बाण काढून लिहिलं होतं: 'क्र. १. पार ३. अंतर ५० मीटर. नवशिके व ज्येष्ठांसाठी सोयीचे.' आमच्या बागेत तीन झाडांना पार बांधलेले आहेत. पिंपळ, वड आणि कडुनिंब. फाटकापासून मोजलं तर तिसरा कडुनिंबाचा, बाणाच्या दिशेला, साधारण पन्नास मीटरवर. सगळं तंतोतंत जुळत होतं. म्हटलं, चला, बाग खात्याला अक्कल आली, म्हाताऱ्यांची सोय बघून पारांना नंबर दिले. 'नवशिके' म्हणजे नुकतेच निवृत्त झालेले असणार. माझी मैत्रीण सुरुची आणि मी इतकी वर्षं पिंपळाखाली बसायचो. पाटी वाचल्यावर आम्ही शिस्तीत तिसऱ्या पारावर बसू लागलो. पहिली टोपली आमच्या पुढे जेमतेम दहा पावलांवर होती.

मैत्रीने वडिलांना तिथे आणलं ते हातात काहीतरी यावं म्हणून. अंतराचा अंदाज घ्यायचा आणि हात मोकळा सोडायचा, एवढंच. सोमवारला सात दिवस उरले होते. सुखदेव चकती घेऊन फाटकाजवळच्या, फेकायच्या रेघेवर उभे राहिले, टोपलीकडे बघितलं, टोपलीमागे आम्ही दोघी दिसलो आणि त्यांचा हात खाली आला. दहा मिनिटं तसेच उभे. मागे रांग लागली.

"काका, टाकताय की मुहूर्त काढू?" मागून कुणीतरी म्हणालं.

ते आमच्यापर्यंत चालत आले. "बाई, जरा उठता का? लागेल."

"इतकी मोठी टोपली मध्ये उभी आहे, आम्हाला कशी लागेल? आणि हा पार आम्हाला दिलेला आहे. पाटी वाचा."

त्यांनी पाटी वाचली. वाद घालणं त्यांच्या रक्तात नाही. न फेकताच ते घरी गेले. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. शनिवारपर्यंत त्यांनी एकही चकती फेकली नव्हती आणि रोज त्यांचा चेहरा थोडा आणखी उतरलेला दिसायचा. मला ते दिसत होतं. तरी मी उठले नाही, कारण नियम म्हणजे नियम. याची मला आजही लाज वाटते.

रविवारी तेजस आला. सुखदेव रेघेवरून आमच्याकडे आणि आमच्याकडून रेघेवर फेऱ्या मारताहेत, हे बघून तो पारापाशी आला, त्याच्या मागोमाग सुखदेव आणि मैत्री.

"आजी, तुम्ही इथे का बसता?"

"पार तीन," मी बोट दाखवून म्हटलं.

तो आधी गोंधळला आणि मग इतका हसला की त्याला पारावरच टेकावं लागलं. "आजी, तो हा पार नाही. खेळातला शब्द आहे. पार तीन म्हणजे तीन फेकींत टोपली गाठावी असा हिशोब."

शब्द एक आणि अर्थ अनेक, हा धडा मी चौतीस वर्षं शिकवला. सुरुची पदराआड हसत होती.

"म्हणजे पहिल्या फेकीत टोपलीत पडत नाही?" सुखदेवनी विचारलं.

"क्वचितच, काका. आधीच्या दोन हुकणार हे धरूनच पाटी लावलीय."

सुखदेव हातातल्या चकतीकडे बघत राहिले. "गाडीला पार एकच असतो," ते म्हणाले.

 उद्या सोमवार होता. सुरुची उठून बाजूला झाली. मी मात्र बसूनच राहिले. थोडा हट्ट होता, चूक कबूल करायची नव्हती, हे खरं. पण हा माणूस आत्ता न फेकता घरी गेला तर उद्या चाव्या देऊन टाकेल, हेही मला दिसत होतं.

"टाका, सुखदेव," मी म्हटलं. "मी समोर ताठ बसलेय. तुम्हाला दिसतेय. कुठेही वाकलेली नाही."

ते एकदम पांढरे पडले. मैत्रीने माझ्याकडे रागाने बघितलं. पण ते वळले आणि रेघेवर गेले.  चकती सुटली, सरळ आली, टोपलीजवळ डावीकडे कलली आणि माझ्या नडगीवर बसली.

लागलं. चांगलंच लागलं, खोटं कशाला सांगू? डोळ्यांत पाणी आलं. "बाई!" असा त्यांचा आवाज ऐकू आला आणि बघते तर ते जमिनीवर बसलेले, दोन्ही हात डोक्याला लावून. मैत्री त्यांच्याकडे पळाली. तेजस माझ्याकडे आला, तर त्याला मी हातानेच थांबवलं. त्या क्षणी मला कळलं की हा माणूस तीन महिने कशाची वाट बघतोय.

मी पाराला धरून उठले. चकती उचलली. लंगडत, मधे एकदा थांबून, ते अंतर चालले. ते माझ्या पायांकडे बघत होते, चेहऱ्याकडे नाही.

"उठले," मी म्हटलं. "चाललेसुद्धा. बघितलंत? आता रडायचं तर रडून घ्या, पण दोन राहिल्यात."

ते रडले, सगळ्यांसमोर. मग उठले. दुसरी चकती अलीकडेच पडली, तिसरी खांबाला लागून उडाली आणि चौथी आत गेली. तेजस म्हणाला, एक जास्त झाली. मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने पुढचं गिळून टाकलं.

पण चकती म्हणजे बस नव्हे, हे मलाही कळत होतं. सोमवारी साडेपाचलाच मी दाराला कान लावून बसले. कुलूप लागलं. पावलं खाली गेली, वर आली, कुलूप ओढलं गेलं. पावलं पुन्हा खाली गेली आणि पुन्हा वर आली. हे नवीन होतं.  शेवटी पावलं खाली गेली ती परत आली नाहीत. बस आणायला गेले की चाव्या द्यायला, काही कळायला मार्ग नव्हता. मी चपला घातल्या आणि सुजलेला पाय ओढत आळंदी रस्त्यावरच्या थांब्यावर जाऊन उभी राहिले.

साडेसहा झाले, सहा चाळीस झाले. पोरं मोबाइलमध्ये बघत होती. पावणेसातला बस आली. स्टिअरिंगवर सुखदेव होते, ओठ घट्ट मिटलेले. पोरं चढू लागली. पलीकडे दूध मिळतं, तिकडे जायला मी बसच्या पुढून निघाले. मुद्दाम, हळू, त्यांच्याकडे बघत. त्यांनी मला बघितलं. आणि नेमकी बसच्या नाकासमोर माझी सैल चप्पल निसटली.

मी न ठरवता वाकले. खाली फक्त दिवे आणि नंबरची पाटी दिसत होती. इंजिन घुरघुरत होतं. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला, मग दुसऱ्याने. आता यांचा पाय घसरला तर, हे मनात आलं. चप्पल काही पायात जाईना.

तेवढ्यात इंजिन बंद झालं. दार वाजलं, पावलं आली आणि माझ्या डोळ्यांसमोर एक हात आला. त्या हाताने चप्पल सरळ करून माझ्या पायाशी ठेवली.

"उठा, बाई."

मी त्यांचा हात धरून उठले. त्यांनी मला रस्त्याच्या दुभाजकापर्यंत नेऊन पोचवलं. बसमधून पोरं ओरडत होती, उशीर होतोय म्हणून. सुखदेव माझ्या पायांकडे बघत होते.

"चालता येतंय ना?"

"येतंय."

"मग मी जातो," ते म्हणाले.

ते चढले. डावा आरसा, उजवा आरसा, मग सीटवरून अर्धे उठून काचेला नाक लावून खाली बघितलं. मागचे हॉर्न वाजतच होते. बस हलली, आणि ती पार दिसेनाशी होईपर्यंत मी दुधाचं विसरून तिथेच उभी राहिले.