तात्यांची पांढरी वाईन आणि अण्णांचा रस्सा

तात्या जेवायला बसले की पहिला घास घेण्याआधी ताटावर वाकून वास घ्यायचे. लग्नाच्या पंगतीतसुद्धा! वाढपी खोळंबायचा, लोक हसायचे, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. राहात्याजवळ आमच्या वस्त्या शेजारी-शेजारी, त्यामुळे पंगतीत त्यांच्या बाजूला बसणं माझ्याच नशिबी.

सगळा तालुका पेरू लावत असताना या माणसाने वाईनची द्राक्षं लावली आणि रीतसर परवाना काढून छोटी वायनरी टाकली. पांढरी वाईन, नावालाही गोड नाही. वाळल्या काडाच्या रंगाची, नाकाशी धरली की पाडाच्या पेरूचा वास आणि जिभेवर कैरीची चुणचुण. "थोडी गोड करा तात्या, खपेल तरी," असं मी शंभरदा सांगून पाहिलं.

"गोड पायजे त्यानं उसाचा रस प्यावा," हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

त्यांच्या मते ही वाईन भरताची. चुलीवर भाजलेलं वांगं, कच्चा कांदा, कोथिंबीर. नाहीतर धपाटं आणि दही. "झणझणीत रस्सा हिचा गळा दाबतो. तिखटाम्होरं ही बोलतच न्हाई," म्हणायचे. आता तुम्हीच सांगा, आमच्याकडे भरीत खाऊन पितं कोण? भरीत-भाकरीवर खूश असतात त्यांच्या गळ्यात माळ, आणि जे पितात त्यांना मटणाशिवाय घोट उतरत नाही. या दोघांच्या मधे तात्या बाटली घेऊन उभे! डोकं आपटून घ्यावंसं वाटायचं.

तात्यांचा मुलगा द्राक्षं काढून पेरू लावायच्या मागे लागला होता. शेवटी नगरचा एक हॉटेलवाला चव बघायला यायला कबूल झाला. त्याने वाईन घेतली तर बाग राहणार, नाहीतर जेसीबी येणार, असं बापलेकांत ठरलं. त्या दिवशी तात्यांच्या घरच्या काकूंनी सकाळीच वांगी भाजायला घेतली आणि तात्यांनी बाटल्या बर्फात ठेवल्या.

पाहुणा टेकतो न टेकतो तोच तात्यांचे थोरले भाऊ अण्णा भलं मोठं पातेलं घेऊन हजर. बोकड कापलेला, काळ्या मसाल्याचा रस्सा, वर बोटभर तर्री. "पाव्हण्याला भरताव बोळवायचं व्हय? गावात त्वांड दाखवायची सोय ऱ्हायची न्हाई!" मी तात्यांना कोपराने ढोसलं, डोळे वटारले. तात्या म्हणाले, "बसा अण्णा. तुमीच वाढा."

हॉटेलवाल्याने रस्सा ओरपला, नाक पुसलं आणि वाईनचा घोट घेतला. "पाण्यासारखीच लागते की हो," म्हणाला. अण्णांनी आग्रह करकरून त्याला इतकं वाढलं, की भरताला त्याने हातसुद्धा लावला नाही. निघताना त्याने अण्णांना मसाल्यात काय-काय घालता ते बारकाईने विचारलं. वाईनचं नाव काढलं नाही.

गाडी वळणाआड गेली आणि मी तात्यांवर फुटलो. "एक शब्द बोलला असतात तर काय जीभ झडली असती? आम्हाला उठता-बसता शिकवता ना, रस्सा चालत न्हाई म्हणून!"

"आरं, माझी अब्रू राखायची म्हून अण्णा पहाटंपासनं चुलीम्होरं बसले हुते," तात्या म्हणाले. "त्यांला कसं सांगू, तुमचं मटन आडवं आलं?"

"मग बाग गेली ना!"

"गेली," ते म्हणाले, आणि उरलेली वाईन घेऊन भरीत-भाकरी खायला बसले. असा संताप आला मला त्यांचा!

आता तिथे पेरूच आहे. तात्या गेल्या वर्षी वारले. दहाव्याला घाटावरून परतताना अण्णांनी माझा हात धरून मला मागे ओढलं.

"खरं सांग. त्या दिशी पाव्हण्यानं नगं म्हनलं, ते माज्या रश्श्यापायी तर न्हाई ना? मी लई येळा इचारलं तात्याला. त्यो नुसता हसायचा."

इतक्या वर्षांचं साठलेलं सगळं ओठांवर आलं. अण्णांनी माझा हात अजून सोडला नव्हता.

"छे हो अण्णा," मी म्हणालो. "त्या हॉटेलवाल्यालाच चव नव्हती."