बोडीतला समुद्र

स्पिरिटचा वास आला की मला आमचे प्राध्यापक आठवतात. ब्याऐंशी साली त्यांनी कॉलेजात बढाई मारली, की पाहुण्यांसमोर समुद्रातल्या जिवाणूंचा डीएनए काढून दाखवतो. समुद्राचं पाणी काही आलंच नाही, तेव्हा सानगडीच्या बोडीतलं, म्हणजे गावतळ्यातलं, शेवाळलेलं पाणी मागवून त्यात त्यांनी मूठभर मीठ टाकलं. मी प्रयोगशाळेतला मदतनीस, काही बोलणार तोच डाफरले, “नोकरी पायजे ना तुले? मंग चूप राय.” साबण आणि गार स्पिरिट पडताच नळीत पांढरे धागे तरंगले. पाहुण्यांनी चक्क हात जोडले. “समुद्र पायला का जी तुमी?” त्यातल्या एकानं विचारलं. “पायला? पोहून आलो!” छाती फुगवून सर म्हणाले. परवा त्यांच्या मुलानं त्यांना पहिल्यांदाच कोकणात समुद्रावर नेलं. आल्या आल्या या माणसानं मलाच रस्त्यात अडवून सांगितलं, “काय सांगू बे, ते पाणी खरंच खारट असते!”