दोडक्याच्या बियांची पुरचुंडी

नागपूरच्या थंडीचा मला भयंकर राग येतो. इथल्या उन्हाळ्याला सगळे नावं ठेवतात, पण उन्हाळा निदान शब्दाचा पक्का असतो. थंडीचं तसं नाही. संक्रांत झाली की ऊन तापायला लागतं, आपण शहाण्यासारखे स्वेटर धुऊन कपाटात टाकतो आणि दुसऱ्याच दिवशी असा वारा सुटतो की नळाखाली हात धरवत नाही.

नेमक्या ह्याच लहरी दिवसांत आमचे हे उन्हाळी भाजी लावायचे. हे म्हणजे माझा नवरा. प्रताप नगरातल्या आमच्या घरामागे, कंपाउंडच्या भिंतीला लागून मातीची एक पट्टी आहे. तिथे दोडके, काकडी, थोडी भेंडी. बी जानेवारीतच पडलं पाहिजे, नाहीतर वेल मोठा होण्याआधीच ऊन त्याला भाजून काढतं, असं त्यांचं म्हणणं. पण दोडक्याचं बी गार मातीत टाकलं तर कुजतं. त्यावर त्यांच्या घरी एक रीत होती.

ते उमरेडच्या विणकरांच्या घरातले. त्यांच्याकडे माग जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून चालवायचा. थंडीत सगळ्या घरात तेवढा तो खड्डाच उबदार असायचा. त्यांची आई भिजवलेलं बी ओल्या कापडात बांधून त्या खड्ड्यात, पायांशी ठेवायची. मोड आले की मग मातीत लावायची. पुढे माग बंद पडले, भावंडं नोकऱ्यांना लागली, ह्यांनी शहरात घर बांधलं. घरात खड्डा नाही, म्हणून हे ती पुरचुंडी पांघरुणात पायांशी घेऊन झोपायचे. लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत माझ्या पायाला काहीतरी ओलं, गिळगिळीत लागलं आणि मी किंचाळून पलंगावरून खाली. माझं माहेर इथल्याच महाल भागातलं, घरात सगळे कारकून, मातीशी आमचा संबंध गणपती आणण्यापुरता. मला काय ठाऊक पांघरुणात दोडके झोपलेत ते! हे पोट धरधरून हसले आणि मी दिवसभर त्यांच्याशी बोलले नाही.

मागच्या वर्षी जानेवारीत त्यांना दवाखान्यातून घरी आणलं. यकृताचा कॅन्सर होता. डॉक्टरांनी मला दाराबाहेर बोलावून सांगितलं, घरी न्या, आवडेल ते खाऊ घाला, उन्हाळ्यापर्यंतचं काही सांगता येत नाही. मी आत येऊन ह्यांना म्हटलं, सुधारणा आहे, सुट्टी मिळाली. खोटं बोलताना माझा आवाज चढतो, हे त्यांना पक्कं माहीत. म्हणून त्याच दमात मी नर्सवर चादरीवरून खेकसले. बिचारीची काही चूक नव्हती, पण आवाज त्यात खपून गेला. निदान मला तसं वाटलं.

घरी त्यांचा पलंग मागच्या खोलीत, खिडकीशी लावला. आल्या आल्या त्यांनी काय मागावं, तर स्वयंपाकघरातल्या खिळ्याला टांगलेला वाळका दोडका. कानाशी धरून वाजवला. आत बिया खुळखुळल्या तसा त्यांचा चेहरा उजळला. ते त्यांच्या आईच्या अंगणातल्या वेलाचं बी. दरवर्षी एक-दोन दोडके वेलावर वाळू द्यायचे आणि पुढच्या वर्षी तेच बी लावायचं, असं करत ते इथवर आलेलं. त्या वर्षी दुखण्यामुळे एकच वाळवला होता, तोही लहान.

बाहेर ऊन छान पडलं होतं. हे म्हणाले, यंदा पुरचुंडीच्या भानगडीत पडू नको, अर्धं बी सरळ मातीत टाकून दे. मला नवल वाटलं. ज्या माणसानं आयुष्यात कधी घाई केली नाही, बस निघून गेली तरी ज्याचं पाऊल उचललं नाही, तो बियांसाठी उतावीळ व्हावा! मी टाकलं. लगेच आभाळ भरून आलं, झिमझिम झाली आणि मागोमाग असा गारठा पडला की विचारू नका. आठवड्यानंतर माती उकरून पाहिली तर बिया बोटाखाली लिबलिबीत लागल्या, घाण वास यायला लागला.

उरलेलं अर्धं गेलं की उमरेडचं बी संपलं. आता मात्र ह्यांनी पुरचुंडी मागितली. त्यांच्या आईच्या हातच्या कापडाचा एक तुकडा आम्ही त्याच कामासाठी जपून ठेवलेला. त्यात बी ठेवून, दोरा गुंडाळून त्यांनी गाठ मारली. मागावर धागा तुटला की विणकर मारतात ती गाठ. इतकी बारीक की बोटाला कळूही नये. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "हे फुटलं, तर समज, उन्हाळा पायतो मी."

असा राग आला मला! असली पैज कोणी लावतो का? आणि लावायची तर चांगल्या हवेत लावावी, ह्या मेल्या थंडीत कशाला? पण पुरचुंडी मी त्यांच्या पायांशी सरकवली आणि त्या घटकेपासून मीही त्यात अडकले. देवापुढे दिवा लावतानासुद्धा डोळ्यांसमोर दोडक्याचं बी यायचं.

रोज सकाळी पांघरूण बाजूला करून बघायची. त्यांचे पाय सुजलेले आणि गार. मी तेल चोळायची, मोज्यांवर मोजे चढवायची, पण ऊब म्हणून येईना. गरम पाण्याची पिशवी पुरचुंडीजवळ ठेवायला त्यांनी साफ नकार दिला, म्हणे त्यानं बी शिजतं. ते तोंडानं विचारत नसत, नुसते बघत. मी म्हणायची, अजून नाही, थंडी किती आहे बघताय ना. थंडी होतीच. पण बियांना हवी ती ऊब थंडीमुळे नाही, त्या पायांमुळे मिळत नव्हती, हे मला कळत होतं आणि कळून घ्यायचं नव्हतं.

एक दिवस कापडाला आंबूस वास आला. मग मी थांबले नाही. दुपारी औषधानं त्यांचा डोळा लागल्यावर पुरचुंडी सोडली, बी कोमट पाण्यात हलकेच धुतलं, कापड धुऊन पिळलं, पुन्हा बांधलं आणि सरळ आपल्या पोटाशी, निऱ्यांच्या आत खोचलं. वरून स्वेटर, वरून शाल. संध्याकाळी त्यांच्या पायांशी परत ठेवायची, सकाळी चादर बदलायच्या निमित्तानं काढून घ्यायची. दिवसभर तो ओला गोळा पोटाला लागायचा, शिंकांवर शिंका यायच्या. पोळ्या लाटताना मी त्या बियांशी भांडायची, फुटा गं बायांनो, तुमचं काय जातं फुटायला.

आणि फुटल्या. एका दुपारी सोडून बघते तर पांढरी टोकं बाहेर आलेली. मी तिथेच, मोरीशी उभी राहून रडले. मग तोंड धुतलं, पुरचुंडी नीट बांधली आणि ते जागे व्हायच्या आत पायांशी ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या उत्साहानं मी पांघरूण काढलं. जड लागतंय हो, मोड आलेत बहुतेक, असं म्हणून पुरचुंडी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती सोडली नाही. नुसता अंगठा फिरवत राहिले, दोऱ्यावर.

"ही गाठ तुही आहे," ते म्हणाले.

माझी गाठ म्हणजे किराण्याच्या पिशवीची गाठ, सुपारीएवढी. एवढं सगळं केलं आणि ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. माझा आवाज चढला. कापड वाळलं होतं, पाणी शिंपडायला सोडलं होतं, तुम्ही झोपला होता, असं बरंच काही बोलत सुटले. त्यांनी मला बोलू दिलं.

"माह्या पायात एवढी ऊब नाही राहिली वं. दवाखान्यातच समजलं मले, तू नर्सवर ओरडली तवाच. कुठं ठेवलं होतं हे?"

"पोटाशी," मी म्हटलं.

ते हसायला गेले आणि त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, "मंग उन्हाळा तूच पायजो. हे लावजो."

मी त्यांच्या गार पायांवर डोकं ठेवून रडले. इतके दिवस जे दाराबाहेर ठेवलं होतं ते सगळं त्या सकाळी आत आलं. मी म्हटलं, मला नाही पाहायचा तुमच्याशिवाय उन्हाळा. ते माझ्या केसांतून हात फिरवत राहिले, पण माझ्या म्हणण्याला हो म्हणाले नाहीत.

बिया मी लावल्या, ते खिडकीतून सांगत गेले. संध्याकाळी रोपांवर टोपल्या पालथ्या घालायच्या, ऊन आलं की काढायच्या. बाकी वेळात ते मला ती गाठ शिकवायला बसले. त्यांची बोटं चालेनात, माझी वळेनात. वैतागून मला कारकुनाची पोर म्हणाले. लग्नानंतर भांडण झालं की म्हणायचे तसंच. वेलाला तणावे फुटायच्या आधी ते गेले. मी सकाळी नेहमीसारखे पाय चोळत होते. पाय रोजच थंड असायचे, त्यामुळे मला कळलंच नाही.

उन्हाळ्यात वेल भिंतीवर चढून शेजाऱ्यांकडे उतरला. दोडके इतके आले की मी गल्लीभर वाटले. माझ्या घशाखाली एक घास उतरला नाही. एक वेलावर वाळू दिला.

यंदा संक्रांतीनंतर तो वाजवून पाहिला, बी भिजवलं, त्याच कापडात बांधलं. गाठ बरीच जमली. आणि सवयीनं, काही विचार न करता, पुरचुंडी पलंगावर त्यांच्या बाजूला, पायथ्याशी ठेवून झोपले. सकाळी हात घातला तर बर्फासारखी गार. मग मात्र मोठ्यानं रडले. दारात दूधवाला बेल वाजवून वाजवून निघून गेला. उठले तेव्हा पुरचुंडी पोटाशी खोचली आणि चहा ठेवला.

बाहेर परत गारठा पडला आहे. आज दुपारी सोडून बघितलं, एका बीला पांढरं टोक आलेलं. ते तळहातावर घेतलं आणि ह्यांना दाखवायला मी मागच्या खोलीत गेले.