गिरडहून निघालेला आवाज

माझ्या आईचा आवाज गेला तेव्हा तो गेला कुठे, हा प्रश्न आमच्या घरात फक्त बाबांना पडला. बाकी आम्ही सगळे शहाणे. आवाज म्हणजे काय छत्री आहे, कुठेतरी विसरायला आणि मग कुणीतरी आणून द्यायला?

त्याआधी आईचा आवाज ही पवनारात चेष्टेची गोष्ट होती. आमचं घर धाम नदीच्या अलीकडे, वावर पलीकडे. दुपारी चहा झाला की आई अंगणाच्या टोकाला उभी राहून, पलीकडे वांग्यांत वाकलेल्या बाबांना हाक मारायची, “चाय झाली, याऽऽ!” शेवटचा ‘या’ ती असा ताणायची की मध्ये नदी आहे हे तिला कुणी सांगितलंच नसावं. बाबा तिसऱ्या हाकेला ‘ओ’ द्यायचे. पहिल्या हाकेला ओ देऊ नये, असं आमच्याकडे मानतात. माणूस तीनदा बोलावतं. जे माणूस नसतं ते एकदाच हाक मारतं. आई यावरून रोज चिडायची आणि रोज तीनदा ओरडायची.

मी लग्न होऊन वर्ध्याला गेले, एका कापडाच्या दुकानात बिलं करायला लागले. सोमवारी दुकान बंद, म्हणून दर सोमवारी माहेरी. संध्याकाळी निघताना आई फाटकाशी यायची. “हळू जाजो. येजो वं.” आमच्या बोलीत ‘ये’ म्हणजे आत्ता ये. ‘येजो’ म्हणजे नंतर ये. केव्हा ते बोलणाऱ्यालाही ठाऊक नसतं, पण येशील याबद्दल शंका नसते.

एका सकाळी मेथीच्या जुड्या बांधता बांधता ती कलंडली. लकवा. हळूहळू हात परत आला, पाय परत आला, वाकडं झालेलं तोंडही सरळ झालं. बोलणं मात्र आलं नाही. ती तोंड उघडायची, गळ्याच्या शिरा ताणायची, आणि बाहेर यायचा तो नुसता श्वास. डॉक्टर भला माणूस होता. त्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं, बोलणं यायचं असतं तर एव्हाना आलं असतं, आता फार आशा धरू नका. मी ते बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, “गिरडले जाऊ.”

गिरडच्या डोंगरावर शेख फरीद बाबांचा दर्गा आहे. आमच्यासारखी शेतकरी घरं तिथे पिढ्यान्‌पिढ्या जातात. देव कोणत्या नावाचा, हे तिथे कुणी विचारत नाही. डोंगरावर गोल गोल गोटे सापडतात. एका व्यापाऱ्यानं फकिराला खोटं सांगितलं की पोत्यांत दगड आहेत, आणि पोत्यांतला माल खरंच दगड झाला, अशी कथा आहे. कुणी माल नारळाचा होता म्हणतं, कुणी जायफळाचा. आईनं एक गोटा उचलून मुठीत धरला होता. बाबांनी चादर चढवली, डोकं टेकवलं, आणि मोठ्यानं विचारलं, “इचा आवाज येईन का नाई, तेवढं सांगा.”

मी संकोचानं इकडेतिकडे पाहिलं. तेवढ्यात आमच्या मागून स्पष्ट आवाज आला, “येईन ना बाप्पा. वाट पायजो.”

बाबांच्या अंगावर काटा आलेला मी डोळ्यांनी पाहिला. मी मागे वळले. पायरीजवळ फुलं विकणारी बाई एका कंटाळलेल्या म्हाताऱ्याला बसबद्दल सांगत होती. त्याची उमरेडची गाडी आली नव्हती.

परतीच्या वाटेवर मी बाबांना ते सांगितलं. मला वाटलं होतं, ते ओशाळतील.

“बस आली का मंग त्याची?” बाबांनी विचारलं.

“आली. लय उशिरा आली.”

“मंग झालं ना.”

“बाबा, ती बाई बसबद्दल बोलत होती! देव नव्हता बोलत.”

“देव काय माईक घेऊन बोलन का? जो जवळ सापडला त्याच्या तोंडून बोलते तो. खोट्या शब्दानं मालाचे गोटे झाले. खऱ्या शब्दानं काय होईन, तूच सांग.”

दगडाशी डोकं आपटावं तसं होतं ते. आणि एक गोष्ट तेव्हा लक्षात आली नाही, पुढे फार छळत राहिली. आमच्या बोलीत ‘तो येईल’ यालाही ‘येईन’ म्हणतात आणि ‘मी येईन’ यालाही ‘येईन’च. ती बाई गाडीबद्दल बोलली. पण बाबांनी ऐकलं त्या वाक्यात, येणार कोण होतं?

काही दिवसांनी भर दुपारी दुकानात समुद्रपूरच्या मावशीचा फोन आला. ती रडकुंडीला आली होती. “ताई बरी आहे ना वं? आत्ता मी भांडे घासून राह्यलती. दारातून तिचा आवाज आला. ‘येजो’ म्हणे. मी पाह्यलं तं कोणी नोहोतं. उन्हात कुत्रं बी नोहोतं.”

मी तिला समजावलं, आपल्याकडे प्रत्येक बाई येता-जाता येजो म्हणते, कुणीतरी गेली असेल रस्त्यानं. आईच्या आठवणीनं तुला तसं वाटलं असेल. फोन ठेवला आणि ठरवलं, बाबांना हे सांगायचं नाही. आधीच मर्कट, त्यात मद्य प्यालेलं.

पुढच्या सोमवारी घरी गेले तर बाबा फाटकातच उभे. आमची वांगी हिंगणघाटच्या बाजारात नेणारा टेम्पोवाला त्यांना काहीतरी सांगून गेला होता. जामच्या चौरस्त्यावर चहा पिताना त्यानं पाठीमागून आईची हाक ऐकली होती. त्यानं सवयीनं ‘आलो काकू’ म्हटलं होतं, आणि मग त्याला आठवलं होतं की काकू बोलत नाही.

“गिरडहून निघाला,” बाबा म्हणाले. “समुद्रपुरावरून आला असन. आता जामले पोचला. सरळ रस्त्यानं येऊन राह्यला.”

समुद्रपुराचं मी त्यांना सांगितलेलं नव्हतं. मावशीनंही नाही, मी तिला विचारलं. ते फक्त रस्त्याचा हिशेब करत होते.

आईला यातलं काही कळू द्यायचं नाही, हे आमचं दोघांचं ठरलं. असल्या गोष्टी बोलायच्या तर आम्ही पलीकडे वावरात जाऊन बोलायचो. आई अंगणात बाजेवर बसायची. पण मला तिचंच वागणं बदललेलं दिसत होतं. पूर्वी ती नदीकडे तोंड करून बसायची, आता रस्त्याकडे. एका दुपारी मी तिच्याजवळ वांगी निवडत होते. तिनं एकदम बोट उचललं, थांब अशी खूण केली, आणि मान कलती करून ऐकत राहिली. मीही ऐकलं. काहीच नव्हतं. वारासुद्धा नव्हता. ती मात्र ओळखीचं माणूस दिसल्यासारखी हसली.

शेजारच्या काकूंना टेम्पोवाल्यानं सांगितलंच होतं. गावात गोष्ट पोटात राहते थोडीच. काकूंनी मला विहिरीपाशी गाठलं. “हे चांगलं नाई बाई. जित्या माणसाचा आवाज बाहेर हिंडला का, समजून घेजो. तो उगाच घरी येत नाई. माणूस न्याले येते.”

तेव्हापासून माझी झोप उडाली. बाबा ज्या गोष्टीची वाट पाहत होते तिचीच मला धास्ती बसली. आवाज आईकडे येत होता, की आईला न्यायला येत होता? येईन, म्हणजे कोण येईन? मला आई हवी होती. मुकी तर मुकी. तिची भाकरी, तिचं चिडून भांडं आपटणं, तेवढं मला पुरेसं होतं. मला कोणताच शब्द पुरा व्हायला नको होता.

मग वडनेरहून आत्याचा फोन आला. तिनं आपल्या कापसाच्या वावरात आईची हाक ऐकली होती.

वडनेर हिंगणघाटच्याही पुढे, पार उलट्या दिशेला. बाबा वावराच्या धुऱ्यावर मटकन बसले. त्याच आठवड्यात आईला लकव्याचा दुसरा, लहानसा झटका आला. पुन्हा हात गेला. पुन्हा दवाखाना, पुन्हा तेच डॉक्टर, आणि या वेळी त्यांनी मान हलवली ती बाबांच्या समोरच.

आईला घरी निजवून मी पलीकडे वावरात गेले आणि तिथे बाबांवर तुटून पडले. “कुठं आहे तुमचा शब्द? देवाला वर्धा कुठं आणि वडनेर कुठं, एवढं कळत नाही?”

बाबा खाली वाकून गवत उपटत राहिले. मला वाटलं, आता हा माणूस मोडला. मग म्हणाले, “जामले चुकला असन. इकडं वळाच्या जागी डावीकडं वळला. मोठा रोड झाल्यापासून माणसं चुकते तिथं.”

“आणि आता?”

“आता काय. फिरून येईन. त्यानं येईन म्हटलं, कवा येईन ते थोडंच म्हटलं.”

मला हसूही आलं आणि रडूही. असल्या माणसाशी भांडता येत नाही. त्या दिवसापासून ते चहाच्या वेळी वावरात काम थांबवून काठाशी उभे राहायला लागले. हाक येत नसे. थोडा वेळ थांबून ते आपले आपणच परत वांग्यांत वाकत. घरून आईही मान वळवून ते बघायची.

त्यानंतर एक पूर्ण उन्हाळा, पावसाळा, हिवाळा गेला. कुठूनच काही आलं नाही. आईचा हात थोडा सुधारला. काकूंना दुसरे विषय मिळाले. मीही जवळजवळ विसरले.

आणि मग एका दुपारी वर्ध्याच्या बसस्टँडवर, गर्दीत, कंडक्टरच्या आरोळ्या चालू असताना, माझ्या उजव्या कानाशी कुणीतरी म्हणालं, “येजो वं.”

मावशीला जे सांगितलं होतं ते सगळं मी स्वतःला सांगून पाहिलं. उपयोग झाला नाही. स्वतःच्या आईचा आवाज माणूस चुकत नाही. मागे फक्त एक कॉलेजची पोरगी मोबाइल बघत उभी होती. मी दुसऱ्या हाकेची वाट पाहिली. तिसरीची पाहिली. आली नाही. एकच हाक होती, मी ओ दिली नाही. तोंडात पदर कोंबून उभी राहिले. वर्ध्याहून पवनार कितीसं लांब? माणूससुद्धा पायी जातं.

कुणालाही काही न सांगता मी दुकानातून सुट्टी घेतली आणि आईजवळ जाऊन राहिले. ती मला नजरेआड होऊ द्यायची नव्हती. आई मला हातानं विचारायची, काय झालं? मी म्हणायची, काही नाही. तिला रस्त्याकडे तोंड करून बसलेलं मला बघवेना. मी बाज उचलून पुन्हा नदीकडे फिरवली. ती वळून पुन्हा तिच्यावर बसली.

त्या दुपारी मी चहा ठेवला होता. स्वयंपाकघराचं दार उघडंच, त्यातून आईची पाठ दिसत होती. मी तिच्यावरून डोळा हलवला नव्हता. सगळं इतकं शांत होतं की आधणाचा आवाज मोठा वाटत होता. आल्याचा वास सुटला होता. बाहेर काही हललं नाही, कुणी बोललं नाही. हे मी कुठेही शपथेवर सांगेन.

थोड्या वेळानं बाबा फाटकातून आत आले. गुडघ्यापर्यंत धोतर ओलं. पुलावरून न येता नदीतूनच उतरून आले होते. हातात विळा तसाच. पण चेहऱ्यावर काही नाही. रोजचा माणूस रोजच्या वेळी घरी आल्यासारखा.

“चाय झाली म्हणे?” त्यांनी विचारलं.

“कोण म्हणे?”

“कोण म्हंजे? तुही माय. तीनदा हाक मारली तिनं.”

मी अंगणात धावले. काकूंचे शब्द कानात वाजत होते. ती बाजेवर स्थिर बसली होती. तोंड किंचित उघडं. मी तिच्या खांद्याला हात लावला. ती गरम होती. तिनं मान वळवली, माझ्याकडे पाहिलं, मग बाबांच्या ओल्या धोतराकडे, आणि घोगऱ्या, धुळीनं भरल्यासारख्या आवाजात म्हणाली,

“काऊन? झाली नाई का अजून?”

मी खाली बसले आणि तिच्या मांडीत डोकं खुपसून लहान पोरीसारखी रडले. ती माझ्या केसांतून हात फिरवत राहिली. बाबांनी आत जाऊन स्वतःच चहा गाळला. बशीत ओतून फुंकर घालत ते म्हणाले, “बस आली.” एवढंच. त्यांना आश्चर्य वाटलंच नव्हतं. मला त्यांचा भयंकर राग आला आणि त्यांचे पाय धरावेसे वाटले.

त्या संध्याकाळी आईला सारखी तहान लागत होती. पाणी पिताना मध्येच ती कुणाशी तरी कुरकुरावं तशी म्हणाली, “वडनेरले उगाच दिवस गेले.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघांनीही तिला कधी वडनेरचं सांगितलं नव्हतं. “काय म्हटलं आई?” मी विचारलं. तिनं भांडं पुढे केलं. “पाणी दे.”

आता ती तुटक बोलते. शब्द शोधते, कधी वांग्याला भेंडी म्हणते आणि स्वतःच हसते. डॉक्टर म्हणाले, असं क्वचित होतं. काकू म्हणाल्या, अजून सांभाळून राह्यजो. मी कुणाशीच वाद घातला नाही. ती भीती अजून आहे. कधीतरी कुणीतरी कुणाला न्यायला येणारच.

गेल्या सोमवारी मी निघाले तेव्हा ती भिंतीला धरून धरून फाटकापर्यंत आली. मी रस्त्याला लागले होते. पाठीमागून आवाज आला, “येजो वंऽऽ.”

एकच हाक. मी दुसरीची वाट पाहिली नाही. मी ओ दिली.